प्रांटल नळी: कुठे निर्धास्त वापरावी, कुठे अजिबात वापरू नये

डक्टमधल्या, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या मोठ्या नळीतल्या, हवेचा वेग मोजायला आज हॉट-वायर, म्हणजे तापलेल्या तारेचं साधन आहे, फिरत्या पात्यांचा ॲनिमोमीटर आहे. तरीही ही उपकरणं बरोबर दाखवतात का, हे तपासायची वेळ आली की अनेक ठिकाणी पेटीतून बाहेर निघते ती एल आकाराची, पुढचं टोक गोलसर असलेली, स्टेनलेस स्टीलची साधी प्रांटल नळी. तिच्यात हलणारा भाग नाही, बॅटरी नाही, सेन्सर नाही. तिची मापं नीट पाळलेली असतील तर गुणक 1.00 धरता येतो, म्हणजे आलेल्या दाबाला कुठल्याही आकड्याने गुणावं लागत नाही. म्हणून इथे अमुक कंपनीची नळी तपासलेली नाही, रचना तपासली आहे. या वस्तूत नावापेक्षा मापं मोठी.

मत आधीच सांगतो. हवा स्वच्छ आणि कोरडी असेल आणि वेग 5 ते 100 मीटर प्रति सेकंद असेल, तर हाती घ्यायच्या साधनांत हिच्याइतकं भरवशाचं दुसरं नाही. 3 मीटर प्रति सेकंदाच्या खाली ती वापरू नये. धूळ, भुसा, ओलसर वाफ असेल तिथेही वापरू नये.

रचना अशी. एका नळीच्या आत दुसरी नळी. आतली नळी पुढच्या टोकावरच्या भोकाला उघडते. तिथे समोरून येणारी हवा पूर्ण थांबते आणि टोटल दाब मिळतो. बाहेरच्या नळीला, टोकापासून थोडं मागे, घेरावर बारीक खाच किंवा भोकं असतात. त्यांच्यावरून हवा सरळ निघून जाते आणि तिथे फक्त स्टॅटिक दाब, म्हणजे हवेच्या वेगामुळे न वाढलेला दाब, मिळतो. दोघांतला फरक दाब मोजणाऱ्या मीटरवर घ्यायचा. वेग म्हणजे 2 गुणिले दाबफरक भागिले घनता, आणि त्याचं वर्गमूळ. हवेची घनता 1.2 किलो प्रति घनमीटर धरली तर हिशेब आणखी सोपा होतो: दाबफरक पास्कलमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, 1.29 ने गुणा.

समोरच्या भोकाची कल्पना फ्रेंच अभियंते आंरी पिटो यांची. 1732 साली त्यांनी सीन नदीच्या प्रवाहात वाकवलेली नळी धरून वेग मोजला होता. टोटल दाब पकडणं अवघड नाही, भोक प्रवाहाकडे असलं म्हणजे झालं. खरी अडचण स्टॅटिक दाबाची. गोलसर टोकाला वळसा घालताना हवेचा वेग वाढतो, म्हणून टोकाच्या लगेच मागे दाब खऱ्यापेक्षा कमी लागतो. उलट मागे जो उभा दांडा असतो तो प्रवाह अडवतो, त्यामुळे दांड्याच्या पुढे दाब खऱ्यापेक्षा जास्त लागतो. म्हणजे भोकं कुठेही पाडली तरी चूक होणारच. प्रांटल यांच्या नावाने रूढ झालेल्या रचनेत या दोन चुका एकमेकींना खोडतात. नळीचा बाहेरचा व्यास एक माप धरला, तर टोक अर्धगोल, समोरचं भोक 0.3 माप, स्टॅटिकची खाच टोकापासून 3 मापं मागे आणि 0.1 माप रुंद, आणि दांडा खाचेपासून साधारण 8 ते 10 मापं मागे. या अंतरांवर टोकामुळे पडणारी तूट आणि दांड्यामुळे येणारी वाढ जवळपास समान होते. 6 मिलिमीटरच्या नळीत खाच 18 मिलिमीटरवर येते, आणि दांडा त्यापुढे 48 ते 60 मिलिमीटरवर.

हे गणित सुचणारा माणूस कसा घडला ते इथे सांगायलाच हवं, कारण त्यांची कारकीर्द एका डक्टपाशीच वळली. लुडविग प्रांटल 1875 साली बव्हेरियातल्या फ्रायझिंगला जन्मले. म्युनिकमध्ये आउगुस्ट फ्यॉप्ल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली, तीही हवेवर नव्हे, तर सडपातळ तुळई भार आल्यावर बाजूला कलंडते त्या प्रश्नावर. मग ते न्यूरेंबर्गच्या यंत्र कारखान्यात लागले. तिथे त्यांच्याकडे लाकडाचा भुसा आणि ढलपे ओढून नेणारी यंत्रणा सुधारायचं काम आलं. रुंद होत जाणाऱ्या नळीत हवा मंदावते, म्हणून दाब वाढायला हवा. प्रत्यक्षात तो वाढत नव्हता, कारण हवेने नळीची भिंतच सोडली होती. हवा भिंत का सोडते, या प्रश्नाने त्यांचा पुढे पिच्छा सोडला नाही. 1901 मध्ये ते हानोव्हरला प्राध्यापक झाले. 1904 च्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्गच्या गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी छोट्याशा भाषणात उत्तर दिलं: घर्षणाचा सगळा खेळ भिंतीलगतच्या एका पातळ थरात चालतो, बाकीचा प्रवाह घर्षण नसल्यासारखा वागतो. हाच सीमास्तर. हाताने फिरवायच्या चाकाने पाणी खेळवलेल्या छोट्या पाटात अभ्रकाचे कण सोडून त्यांनी त्या प्रवाहाची छायाचित्रंही काढली होती.

त्याच वर्षी गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्यांना गॉटिंगेनला नेलं. तिथे 1908 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या पहिल्या विंड टनेलचा (मॉडेलांवरून हवा सोडायच्या बोगद्याचा) काटछेद 2 मीटर बाय 2 मीटर होता, हवा बंद वाटेने फिरून परत येत होती आणि वेग 10 मीटर प्रति सेकंदाच्या आसपास होता. हा आकडा लक्षात ठेवा. 10 मीटर प्रति सेकंदाला दाबफरक अवघा 60 पास्कल, म्हणजे पाण्याचा 6 मिलिमीटरचा स्तंभ. इतक्या लहान दाबावर हवाई जहाजांच्या मॉडेलांचा विरोध मोजायचा, तर नळीही अचूक हवी आणि मॅनोमीटरही, म्हणजे दाब मोजणारं उपकरणही. प्रांटल यांचे सहकारी आल्बर्ट बेट्झ यांचा तरंगत्या मोजपट्टीचा मॅनोमीटर याच कामातून आला. त्यावर पाण्याचा 0.1 मिलिमीटर, म्हणजे साधारण 1 पास्कल, वाचता येतो. नळी आणि मीटर ही जोडी आहे. नळी विकत घेताना मीटरचा विचार न करणं ही सर्रास दिसणारी चूक आहे, आणि ती महाग पडते.

का, ते आकड्यांनीच पाहा. 20 मीटर प्रति सेकंदाला 240 पास्कल मिळतात, 10 ला 60, 5 ला 15, 3 ला 5.4, आणि 2 मीटर प्रति सेकंदाला फक्त 2.4. वेग निम्मा झाला की दाब चौथाई होतो. मीटरची चूक ±1 पास्कल असेल, तर 10 मीटर प्रति सेकंदाला वेगातली चूक 1 टक्क्याहून कमी. 3 मीटर प्रति सेकंदाला ती 9 टक्क्यांवर जाते. 2 मीटर प्रति सेकंदाला दाबाचा मीटर 1.4 ते 3.4 पास्कलमध्ये काहीही दाखवू शकतो, म्हणजे वेग 1.5 पासून 2.4 पर्यंत काहीही. इथे नळीचा दोष नाही. खाली हॉट-वायर घ्या, ती तिथेच चांगली चालते. वरच्या टोकाला 100 मीटर प्रति सेकंदाच्या आसपास हवा दाबली जाऊ लागते आणि साध्या सूत्राने वेग साधारण 1 टक्का जास्त येतो. त्यापुढे दाबल्या जाणाऱ्या हवेचं सूत्र वापरावं लागतं.

विकत घेताना टोक बोटाने चाचपून पाहा. अर्धगोल गुळगुळीत हवा. समोरच्या भोकाची कड तुटलेली किंवा चेपलेली नको. स्टॅटिकची भोकं भिंगातून पाहा. कड काटकोनी हवी आणि तिथे बर, म्हणजे भोक पाडताना उरलेला काटा, अजिबात नको. भोकाच्या कडेला उभा राहिलेला अगदी बारीक धातूचा काटाही भिंतीलगतच्या थराला उचलतो आणि स्टॅटिक दाब बदलतो, आणि हा थर कसा वागतो ते तर प्रांटल यांनीच दाखवून दिलं होतं. टोक आणि दांडा एकमेकांना काटकोनात आहेत का, ते गुण्याने तपासा. दांड्याच्या बाहेरच्या टोकाला एक सुई किंवा आडवी नळी असते. ती पुढच्या टोकाला समांतर असायलाच हवी, कारण नळी आत गेल्यावर टोक कुठे पाहतंय हे त्यावरूनच कळतं. बहुतेक रचनांत दांड्याच्या सरळ टोकाला टोटल दाब आणि बाजूच्या आडव्या नळीला स्टॅटिक दाब मिळतो. जोड चांदीच्या डाकाचे आहेत का ते विचारा. मऊ डाक गरम वायूत सुटतो. मग आतली आणि बाहेरची नळी एकमेकींत गळू लागतात, आणि वेग कमी दिसतो. बाहेरून काहीच कळत नाही.

अर्धगोल टोकाचा एक मोठा फायदा आहे. नळी प्रवाहाला थोडी तिरकी झाली तर टोटल दाब घटतो, पण स्टॅटिकही घटतो, आणि फरक सुमारे 15 अंशांपर्यंत जवळपास तसाच राहतो. हातात धरून मोजणाऱ्याला याचा फार आधार आहे. मात्र फक्त स्टॅटिक दाब हवा असेल तर ही सूट मिळत नाही. तिथे 5 अंशांचा तिरकेपणाही जाणवतो. आणि या गुणामुळेच एक पद्धत फसते: नळी फिरवत राहून सर्वांत मोठा आकडा आला की तीच बरोबर दिशा, असं समजणं. आकड्याचा माथा सपाट असतो, दिशा सापडत नाही. सुई डक्टच्या अक्षाला समांतर ठेवावी, बस.

अमेरिकी पद्धतीच्या नळीत भोकं टोकापासून 8 मापं मागे असतात आणि दांडा 16 मापांवर. चुका मुळातच लहान होतात, एकमेकींना खोडायची गरज कमी उरते. पण 8 मिलिमीटरच्या नळीचं डोकं 128 मिलिमीटर लांब होतं, आणि लहान डक्टमध्ये ते आत घालून वळवणं त्रासाचं. डक्ट मोठी असेल तर ही नळी उत्तमच, अरुंद जागी प्रांटलचीच बरी.

जाडी ठरवताना नळीचा व्यास डक्टच्या व्यासाच्या पन्नासाव्या भागाहून मोठा नको. 300 मिलिमीटरच्या डक्टला 6 मिलिमीटर, 400 ला 8 मिलिमीटर. जाड नळी स्वतःच वाट अडवते आणि वेग वाढवून दाखवते. फार बारीक घेतली तर दाब मीटरपर्यंत पोचायला वेळ लागतो, आकडा स्थिर व्हायच्या आत लोक वाचून मोकळे होतात. शिवाय 3 मिलिमीटरची लांब नळी वेगात थरथरते. मीटरभर लांबीला 8 मिलिमीटर योग्य.

आता मोजणी. जागा अशी निवडा की आधी डक्टच्या व्यासाच्या निदान साडेसात पट सरळ लांबी असेल आणि पुढे तीन पट. कोपरा, डँपर (हवा कमी-जास्त करायची झडप) किंवा रुंद होणारा भाग याच्या लगेच पुढे मोजू नका. तिथे हवा एका बाजूने भिंत सोडून फिरत असते, न्यूरेंबर्गच्या नळीत सोडत होती तशीच. पंख्याच्या लगेच पुढे हवा पीळ घालून येते, 15 अंशांची सूट तिथे पुरत नाही. जागा बरी आहे का हे आकडेच सांगतात: दाबाच्या नोंदींपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त नोंदी सर्वांत मोठ्या नोंदीच्या दहाव्या भागाहून वर असाव्यात. तशा नसतील तर जागा बदला.

डक्टच्या भिंतीत भोक नळीपेक्षा 3-4 मिलिमीटर मोठं पाडा, कारण वळणही आत जायचं असतं. आतल्या बाजूचा काठ कानशीने घासा आणि मोजताना भोवतालची फट बोळ्याने किंवा टेपने बंद करा. एकमेकांना काटकोनात दोन व्यास घ्या. प्रत्येक व्यासावर 10 बिंदू, भिंतीपासून व्यासाच्या 0.019, 0.077, 0.153, 0.217, 0.361, 0.639, 0.783, 0.847, 0.923 आणि 0.981 पटीवर. 400 मिलिमीटरच्या डक्टमध्ये ही अंतरं 7.6, 30.8, 61.2, 86.8, 144.4, 255.6, 313.2, 338.8, 369.2 आणि 392.4 मिलिमीटर येतात. दांड्यावर टेपने खुणा आधीच करून ठेवा आणि खूण नळीच्या डोक्याच्या मध्यरेषेपासून मोजा, कडेपासून नव्हे. बिंदू भिंतीकडे दाटीवाटीने का आहेत? भिंतीजवळ वेग झपाट्याने बदलतो आणि गोल डक्टमध्ये बाहेरच्या कड्यांचं क्षेत्रफळही मोठं असतं. नुसतं मधोमध धरून वाचलेला एक आकडा हवेचा प्रवाह सहसा जास्त दाखवतो.

सरासरी वेगांची काढा, दाबांची नव्हे. ही चूक इतकी सर्रास होते की उदाहरणच देतो. दोन बिंदूंवर 40 आणि 90 पास्कल आले. वेग 8.17 आणि 12.25, सरासरी 10.21 मीटर प्रति सेकंद. आधी दाबांची सरासरी 65 काढून वर्गमूळ घेतलं तर 10.41 येतो, 2 टक्के जास्त. प्रवाह जितका असमान, तितकी ही चूक वाढत जाते, आणि दरवेळी एकाच दिशेने.

घनता विसरू नका. 1.29 हा आकडा 20 अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीचा. 100 अंशांच्या हवेची घनता 0.95 च्या आसपास असते. तिथे 1.2 धरली तर वेग 11 टक्के कमी येतो. 1,500 मीटर उंचीवर साध्या तापमानालाही 8 टक्क्यांहून जास्त फरक पडतो. मोजताना तापमान आणि त्या जागेचा हवेचा दाब लिहून ठेवायलाच हवा, नाहीतर नंतर दुरुस्ती करता येत नाही.

गळती तपासायची पद्धत. स्टॅटिकच्या भोकांवर टेप लावा, दांड्याकडच्या स्टॅटिक तोंडातून हलकाच दाब द्या, रबरी नळीला चिमटा लावा आणि मीटर पाहा. आकडा उतरला तर गळती. तसंच टोटलच्या बाजूचं. तोंडाने जोरात फुंकू नका, त्यातून काही हजार पास्कल दाब येतो आणि 500 पास्कलचा मीटर त्यात बिघडतो. गळती कुठे आहे त्यावर चूक कोणत्या दिशेने जाईल ते ठरतं. आत बाहेरच्यापेक्षा जास्त दाब असलेल्या डक्टमध्ये स्टॅटिकची रबरी नळी गळली तर तिच्यातला दाब उतरतो आणि वेग जास्त दिसतो. ओढणाऱ्या डक्टमध्ये नेमकं उलट, वेग कमी दिसतो. आकडा उणे आला तर बहुधा नळ्या उलट्या लागल्या आहेत.

ओलाव्याने होणारा घोटाळा सगळ्यांत फसवा. रबरी नळीच्या झोळात साचलेल्या पाण्याच्या दोन बाजूंच्या पातळीत 1 मिलिमीटरचाच फरक असला, तरी 9.8 पास्कलची चूक होते. 5 मीटर प्रति सेकंदाला खरा दाबच 15 पास्कल आहे. नळ्या पारदर्शक घ्या, झोळ पडू देऊ नका, प्रत्येक व्यास झाल्यावर मीटर सोडवून नळ्या कोरड्या हवेने उलट बाजूने फुंकून घ्या आणि शून्य पुन्हा पाहा. शून्य पाहताना मीटरची दोन्ही तोंडं एकाच रबरी नळीने एकमेकांना जोडा. उघडी ठेवलीत तर खोलीतली झुळूकही आकडा हलवते.

धुळीच्या वायूत मात्र ही नळी हरते. 8 मिलिमीटरच्या नळीतली स्टॅटिकची खाच 0.8 मिलिमीटर रुंद. चिकट धूळ, तेलाची वाफ किंवा लाकडाचा भुसा ती काही मिनिटांत बुजवतो. म्हणजे प्रांटल यांनी ज्या प्रकारच्या डक्टवर काम केलं, नेमकी तिथेच त्यांच्या नावाची नळी नेऊ नये. तिथे एस आकाराची, मोठ्या तोंडांची नळी घ्यावी. तिचा गुणक 0.84 च्या आसपास असतो, तो प्रत्येक नळीचा वेगळा तपासून घ्यावा लागतो, आणि तिरकेपणा तिला फारसा सोसत नाही. अचूकता कमी, पण बुजत तरी नाही.

नळी अचूक असली तरी प्रयोगाचं उत्तर एका आकड्यावर अवलंबून नसतं, याचा दाखला गॉटिंगेनचाच आहे. गोळ्याला हवेचा विरोध किती, यावर पॅरिसमध्ये आयफेल टॉवरवाल्या ग्युस्ताव्ह आयफेल यांना मिळालेला गुणांक गॉटिंगेनच्या निम्म्याहूनही कमी होता. प्रांटल यांनी 1914 मध्ये गोळ्याभोवती बारीक तारेचं कडं बसवलं, गोळ्यालगतचा थर खवळला, हवेने गोळा उशिरा सोडला आणि विरोध एकदम घटला. दोन्ही मोजमापं खरी होती, प्रवाहाच्या स्थिती वेगळ्या होत्या. म्हणून नोंदवहीत वेगाच्या शेजारी नळीचा व्यास, जागा, आधीची सरळ लांबी, तापमान आणि दाबही लिहावा.

एकच नळी घ्यायची असेल तर अर्धगोल टोकाची, चांदीच्या डाकाची, 6 मिलिमीटरची घ्या. दांडा सर्वांत मोठ्या डक्टच्या व्यासापेक्षा 150 मिलिमीटर तरी जास्त लांब हवा. सोबत 1 पास्कलच्या आत वाचणारा मीटर हवा. वापर झाला की टोकावर टोपी घालून, कोरडी फुंकून, कठीण पेटीत ठेवा. समोरचं भोक सुईने साफ करू नका, कड फुगते. मागच्या बाजूने दाबाची हवा सोडा, आणि ती सोडताना मीटर काढून ठेवा.